मुलाखतीआधीचं हळदीकुंकू

६ जानेवारी १९९२, सोमवार

साडेतीन वर्षांच्या मुलाला काय यायला हवं? आज चंद्रावती मॅडमनी सरळ विचारलं. परत येताना एसटीत विचार केला, जेवताना केला, आत्ता लिहितानाही करते आहे. मला उत्तर माहीत नाही.

मॅडम म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. नवीन पनवेलमधली ही इंग्रजी नर्सरी सुरू होऊन जेमतेम तीन वर्षं झाली, पण नाव एवढं झालंय की चाळीस जागांसाठी दीडशेच्या वर अर्ज आले. मॅडम म्हणाल्या, "गेल्या वर्षी रंग विचारले, फळं विचारली. सगळी पोरं पोपटासारखी बोलली. यंदा मला असे प्रश्न हवेत की कुठल्या क्लासमध्ये घोकून घेता येणार नाहीत. सुमती, तू बी.ए.ला सायकॉलॉजी घेतलंस ना? तूच काढ."

सहा महिनेच झाले मला नोकरीला लागून. एवढं मोठं काम माझ्यावर! आनंदाने नीट जेवले नाही. आईला वाटलं कालवण बिघडलं.

अर्जांमध्ये एक आमच्या रूपाचा आहे. रूपा म्हणजे भरतदादाची मुलगी. अर्ज जिजावहिनीने स्वतः रांगेत उभं राहून आणला. मॅडमना मी त्याच दिवशी सांगून टाकलं. म्हणाल्या, "मग तिच्या वेळेला तू टेबलावर बसायचं नाही, बस."

९ जानेवारी, गुरुवार

आज वर्गाच्या खिडकीतून कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका स्वच्छ दिसत होता. तो बघता बघता माझ्या स्वतःच्या प्रवेशाचा दिवस आठवला.

बाबांनी मला खांद्यावर घेतलं होतं. तेव्हा आमच्या गावात, गव्हाणला, शाळेकडे जायचं ते शेताच्या बांधावरून. दोन्हीकडे भाताची कोवळी रोपं, खाचरात पाणी साचलं होतं तिथे बगळे. शाळा म्हणजे देवळामागची एक खोली. गुरुजी बाहेर बाकावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मला खाली उतरवायला सांगितलं आणि म्हणाले, "उजवा हात डोक्यावरनं ने आणि डावा कान धर." माझा हात कानाच्या वरपर्यंत गेला, पण पाळीला पोचेना. मी मान वाकडी करून कान वर आणला आणि धरला. गुरुजी इतके हसले की सुपारी सांडली. "हुशार हाय रं तुजी पोर, काशिराम. घाल आत." झाला प्रवेश.

आता तो बांध नाही. खाचरं नव्या शहराच्या भूसंपादनात गेली, तिथे लाल मुरमाचा रस्ता झालाय. गुरुजीही गेले. पण ती परीक्षा मला आज फार चांगली वाटली. त्यात कुणाला लाज वाटली नाही. नाहीच पोचला हात तर गुरुजी म्हणत, "पुढच्या वर्षी ये, तवर वाढशील."

तशीच काहीतरी परीक्षा काढायची आहे. पाठ करता न येणारी, आणि मुलाला खेळ वाटावा अशी.

१२ जानेवारी, रविवार

झाले प्रश्न! तीन खेळ आहेत.

पहिला पिशवीचा. कापडी पिशवीत चार वस्तू, न बघता हात घालायचा आणि चाचपून सांगायचं. शंख, चमचा, किल्ली आणि लसणीची कुडी. दुसरा चित्राचा. पिंजऱ्यात मासा आहे आणि पाण्याच्या बरणीत पोपट. मुलाने हसायला हवं, किंवा चिडायला. तिसरा माझा लाडका. एक चिंध्यांची बाहुली मुलाच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "ही रडते आहे. हिला गप्प कर." काही मुलं तिला हलवतील, काही ओरडतील. पण ज्या मुलाला "का रडतेस?" असं विचारावंसं वाटेल, त्याला सगळ्यात जास्त गुण.

काल मॅडमना दाखवले, त्यांना फार आवडले. त्यांनी ते लगेच इंग्रजीत करून विश्वस्तांकडून मंजूरही करून आणले. म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस." हे काय सांगायला हवं?

१६ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत झाली आणि आजच खांदा कॉलनीत सुनीताताईंकडे हळदीकुंकवाला बोलावणं! त्यांचा स्वानंद यंदा प्रवेशासाठी आहे. यजमान विश्वजीत बँकेत अधिकारी. मी म्हटलं, "अहो, माझं लग्न झालेलं नाही." तर म्हणाल्या, "कुमारिकेचा मान मोठा असतो. आणि तुम्ही तर आमच्या टीचर. मॅडमना नाही हं बोलावलं, त्या फार कडक."

केवढं सुंदर घर. जमिनीवर फरशी अशी की चेहरा दिसावा. दहाबारा बायका होत्या, सगळ्या शिकलेल्या, डोंबिवली, दादर, पुण्याहून इकडे राहायला आलेल्या. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. कुणीतरी म्हणालं, "गव्हाणच्या असून किती शुद्ध बोलता हो तुम्ही!" मला बरं वाटलं.

स्वानंदने येऊन कविता म्हटली, एक ते पन्नास म्हटले. मग सुनीताताई म्हणाल्या, "आम्ही पाठांतर करून घेतो, पण तुम्ही सायकॉलॉजीवाल्या. खरं सांगा, मुलाचं मन कसं ओळखायचं?" आजवर असं मला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्या गप्प होऊन ऐकत होत्या. एकीने तर तिळगूळ हातातच धरून ठेवला. मी मनापासून बोलले. स्पर्श म्हणजे काय, विसंगती म्हणजे काय, दुसऱ्याच्या दुःखाकडे मूल कसं बघतं.

प्रश्न अर्थातच सांगितले नाहीत. बाहुलीचं फक्त उदाहरण दिलं.

वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली. आई म्हणते, "लगीन नाय झाला न तुना कनाला बोलावतान हळदकुंकवाला?" आईला शिकलेल्या लोकांचा मोकळेपणा कळत नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज शेताच्या उरलेल्या तुकड्यावर पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर अंडी, मडकं उपडं करून भोवती आग. दादा लहानपणी मला सांगायचा की मडक्याला कान लावला की शेंगा गाणं म्हणतात, आणि मी गरम मडक्याला कान लावायला निघायचे. आज तो रूपाला तेच सांगत होता. रूपा म्हणाली, "तू लाव आदी." सगळे हसले.

शेंगा सोलताना वहिनीने हळूच विचारलं, "बाय, पोरीला काय शिकवून ठेवू? जरा सांगशील?"

मी म्हटलं, "वहिनी, ते मी सांगू शकत नाही. उद्या लोक म्हणतील, आत्या शाळेत म्हणून आत घेतली. परीक्षा म्हणजे परीक्षा. रूपा आहे तशी येऊ दे."

"बरा," वहिनी म्हणाली आणि माझ्यापुढे अंडं सोलून ठेवलं.

मला माझा अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू. घरच्या माणसाला नाही म्हणणं सोपं नसतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

या आठवड्यात चार ठिकाणी हळदीकुंकू. साबणाची डबी, चहाची गाळणी, प्लॅस्टिकचे डबे, एक गजरा. प्रत्येक घरी मूल बाहेर येतं, मला नमस्कार करतं आणि प्रत्येक घरी मुलांच्या मनाविषयी चर्चा होते. सई नावाच्या एका मुलीची आई तर म्हणाली, "तुमचं ते पिशवीचं उदाहरण परत सांगा ना, सुनीता सांगत होती, मला नीट कळलं नाही." मी पिशवीबद्दल बोलले होते का? असेन, ओघात.

वाणाच्या वस्तूंनी फडताळ भरलं. वहिनी ती पुसून नीट लावते. आज म्हणाली, "तुज्या साळंतल्या बायका लय मायाळू हायत."

१ फेब्रुवारी, शनिवार

मुलाखतींचा पहिला शनिवार. मॅडमनी दोन गट केले आहेत. आज कॉलनीतली मुलं, पंधरा तारखेला उरलेली, म्हणजे गावांतली आणि जुन्या पनवेलमधली. त्या दिवशी मुलं कमी आणि जागा त्याहून कमी.

मी तिसऱ्या टेबलावर होते. पहिली मुलगी सई. बाहुली हातात दिली. तिने बाहुलीला तीनदा थोपटलं, मान एका बाजूला कलती केली आणि म्हणाली, "व्हाय आर यू क्राइंग, डॉली?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पूर्ण गुण दिले.

दुसऱ्या मुलाने तीनदा थोपटलं, मान कलती केली. "व्हाय आर यू क्राइंग, डॉली?"

तिसऱ्यानेही. चौथीनेही.

थोपटणं माझं होतं. मान कलती करणंही. सुनीताताईंच्या दिवाणखान्यात मी उशी घेऊन करून दाखवलं होतं.

मग स्वानंद आला. मला काही सुचेना, म्हणून मी क्रम बदलून आधी चित्र पुढे केलं. त्याने चित्राकडे बघितलंही नाही. त्याचा चेहरा रडवेला झाला. "हे नाही! आधी पिशवी, मग हे, मग बाहुली! आई म्हणाली आधी पिशवी!" आणि त्याने भोकाड पसरलं. मी बाहुली बाजूला ठेवून त्याला मांडीवर घेतलं. तो हुंदके देत माझ्या कानात म्हणाला, "शंख, स्पून, की, गार्लिक. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

दिवसभर सगळी मुलं बरोबर होती.

२ फेब्रुवारी, रविवार

फडताळ उघडलं आणि सगळ्या वाट्या, डब्या, गाळण्या बघत उभी राहिले. आई म्हणाली, "काय गो, काय शोधतंस?" मी काही नाही म्हटलं.

माझा मान कुणी केलाच नव्हता.

सगळ्यात वाईट हे की कुणी खोटं वागलं नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. मी ज्यांना सांगितलं नाही ते माझ्याच घरात राहतात.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज धीर करून मॅडमना सगळं सांगितलं. हळदीकुंकू, उशी, पिशवी, सगळं. मला वाटलं त्या रागावतील. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मग काय झालं? दर वर्षी बाहेर जातात प्रश्न. कुठून ना कुठून जातात."

"पण मॅडम, मग परीक्षा कसली घेतली आपण?"

"आईबापांची," मॅडम म्हणाल्या. "जी आई प्रश्न काढून आणू शकते, मुलाकडून करून घेऊ शकते, तिचं मूल आपल्याला हवंच आहे. तू अजून लहान आहेस, सुमती."

मी म्हटलं, पंधरा तारखेसाठी नवे प्रश्न काढते. तर म्हणाल्या, "विश्वस्तांनी हेच मंजूर केलेत. दोन्ही गटांना एकच प्रश्न हवेत, नाहीतर गुण कसे लावायचे?" मग जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "तुझी भाची आहे ना त्या गटात? वेडी आहेस का? दहा दिवस आहेत. घरी बस आणि शिकव. त्या गटात दुसऱ्या कुणाला काही माहीत नाही. ती पहिली येईल."

मी दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "हे गुपचूप चालतं. उघड कुणी बोललं, तर मला कारवाई करावी लागेल. नोकरी जाईल. कळलं?"

एसटीत बसून मी तेच गणित करत होते. रूपाला तीन खेळ शिकवायला एक संध्याकाळ पुरेल. त्या गटात कुणाला काही माहीत नाही. ती पहिली येईल. मॅडमनीच सांगितलंय. मला फार मोह झाला. इथे लिहून ठेवते, कारण उद्या मी तो झालाच नव्हता असं म्हणेन.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन दिवस वहिनीकडे बघवत नव्हतं. आज ती परसात भांडी घासत होती, तिथे जाऊन बसले आणि सांगितलं.

ती घासत राहिली.

मग म्हणाली, "त्यांना सांगितलास. मना नाय."

मी रडायला लागले. तिने माझी समजूत घातली नाही. कढई उपडी घातली, हात धुतले.

मी म्हटलं, "आता सांगते. आत्ता सांगते. रूपाला बोलाव."

"न बाकीच्या? रांगेत माज्यापुढं ती मोहल्ल्यातली नसीम होती. पोराला कडेवर घेऊन उभी व्हती, माजा अर्ज तिनंच भरून दिला. मागं रिक्षावाल्याची बायको. त्यांच्या घरात हाय का तुज्यासारखी आत्या?"

"नाही."

"मंग?"

मी म्हटलं, उघड सांगितलं तर माझी नोकरी जाईल. वहिनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत राहिली. पोपटीच्या दिवशी मी तिच्याकडे बघायला हवं होतं तसं.

"सोमवारी रथसप्तमी हाय," ती म्हणाली. "तवर हळदकुंकू करता येतंय. तुना करता येत नाय, तुजा लगीन नाय झाला. मी करतंय. तू फकस्त वाण दे. द्यायचा का नाय, ता तुजा तू ठरव."

८ फेब्रुवारी, शनिवार

आज आम्ही दोघी बोलावणं करायला निघालो. वहिनीच्या हातात कुंकवाची कोयरी. पत्ते तिला तोंडपाठ होते, रांगेत सगळ्यांशी बोलून ठेवलं होतं तिने. मला रांगेतलं कुणीही आठवत नव्हतं, मी त्या दिवशी आत होते.

जुन्या पनवेलमध्ये वडाळे तळ्यावरून गेलो. लहानपणी बाबा मला बाजाराच्या दिवशी इथे आणायचे. ते भाजी विकून येईपर्यंत मी तळ्याच्या पायरीवर बसून पाण्यात पाय सोडायचे, आणि परत जाताना ते मला लाडवांचा एक पुडा घ्यायचे. कमळं तेव्हाही होती. आज वहिनीला सांगितलं तर म्हणाली, "माजा बापूस बी आनायचा गो मना हितं." लग्नाला पाच वर्षं झाली तिच्या, आणि हे मला माहीत नव्हतं.

नसीमबाईंच्या दारात मी अडखळले. वहिनी मोठ्यांदा म्हणाली, "कुंकू नको लावून घेऊ, हलवा खायला ये. पोराला आन." नसीमबाई हसल्या. "इतक्या लांब बोलवायला आलात, मग येणारच ना."

शेवटी मॅडमकडे गेलो. वहिनीने त्यांना कुंकू लावलं आणि आमंत्रण दिलं. मी म्हटलं, "वाण काय आहे तेही सांगते, मॅडम. तीन प्रश्न."

मॅडमनी कपाळावरचं कुंकू बोटाने सारखं केलं. मग म्हणाल्या, "सोमवारपर्यंत वेळ आहे तुला. घरात पहिली शिकलेली ना तू? विचार कर."

१० फेब्रुवारी, सोमवार, रथसप्तमी

सगळे प्रश्न सांगून टाकले.

आई सकाळपासून ओटी सारवत होती. दुपारी चारपासून बायका येऊ लागल्या. तिघी एसटीने, दोघी टेम्पोच्या पुढे बसून, गावातल्या चालत. कडेवर पोरं. बाबा पोरांना अंगणात घेऊन बसले आणि त्यांना वालाच्या शेंगांचे बैल करून देत होते, मला करून द्यायचे तसेच, चार काड्यांचे पाय लावून. किती वर्षांनी बघितले ते बैल.

वहिनीने एकेकीला हळदकुंकू लावलं, नसीमबाईंच्या हातावर हलवा दिला. "रिकामा वाण द्यायचा नाय," म्हणून प्रत्येकीच्या पदरात ओंजळभर वाल घातले. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता माजी नणंद वाण लुटतंय. कान देऊन ऐका."

मी पिशवीपासून सुरुवात केली. चारही वस्तू सांगितल्या, त्यांची इंग्रजी नावं तीनतीनदा म्हणून घेतली. चित्र भिंतीवर कोळशाने काढून दाखवलं. पिंजऱ्यातला मासा बघून गावातली जनी म्हणाली, "ह्यो सुकवायला ठेवलाय का?" एवढा हशा झाला की मला थांबावं लागलं. पहिल्या शनिवारी त्या चित्राला एकही मूल हसलं नव्हतं.

बाहुलीचं सांगितलं तेव्हा रिक्षावाल्याच्या बायकोने विचारलं, "बरोबर उत्तर काय त्याचं?"

मी म्हटलं, "बरोबर असं काही नाही. पण 'का रडतेस' असं विचारलं की गुण जास्त."

"असं कसं? बरोबर नाही, तरी जास्त?"

तेवढ्यात रूपा शेंगेचा बैल घेऊन आत आली. वहिनीने तिलाच विचारलं, "रूपे, बाहुली रडतंय. काय करशील?"

रूपाने बैलाचा निघालेला पाय परत खोचला. "रडूं दे तिला. मी बसतंय ना बाजूला."

याला माझ्या कागदावर गुणच नव्हते. मी सगळ्यांना सांगितलं, तसं म्हणू नका, कॉलनीतल्या मुलांनी म्हटलं तेच म्हणा. त्यांच्या पोरांना आत जायचंय.

मॅडम आल्या नाहीत.

दिवे लागायच्या आत सगळ्या निघाल्या. वहिनी एकेकीला पायरीपर्यंत सोडत होती. नसीमबाई शेवटी उतरल्या. पदरातले वाल सावरत म्हणाल्या, "बाई, शनिवारी टेबलावर तुम्ही असाल तर बरं. पोरगं तुमच्याकडे बघून घाबरणार नाही."

"मी नसेन," मी म्हटलं. खेळांच्या कपाटाची किल्ली आणि राजीनामा मी सकाळीच मॅडमच्या टेबलावर ठेवून आले होते.